लिंगाणा मोहिमेतील रॅपलिंगच्या वेळेबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

लिंगाणा या सह्याद्रीतल्या सुळक्यावरच्या मोहिमेनंतर आपण दिलेला एक स्टारचा अभिप्राय मी वाचला आणि त्या दिवशी आपल्याबरोबर असलेल्या तिन्ही प्रशिक्षकांशी वेगवेगळे बोलून घेतले. आपले म्हणणे थोडक्यात असे, की चढाई उत्तम झाली, पण माथ्यावरून खिंडीत रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून, उतरायला सव्वातीन तास लागले. त्याच दिवशी आलेला दुसरा गट निम्म्या वेळात खाली गेला. आमचे प्रशिक्षक प्रत्येक स्टेशनवर (कातळात दोर लावण्याच्या जागी) गाठी आणि प्रुसिक (दोरावर गुंडाळायची सुरक्षा-दोरी) यांतच अडकून पडले. दोघांना एकदम उतरू दिले नाही, शेवटच्या टप्प्यावर मात्र दिले. मध्येच दोर अडकल्याने पाऊण तास गेला. लांब दोर लावून पाचाऐवजी तीन टप्प्यांत उतरता आले असते. आणि या सगळ्यामुळे खिंडीतून वर जाणाऱ्या बोराट्याच्या नाळेची (घळीची) चढण अंधारात करावी लागली. त्यासाठी आपण निम्मे शुल्क परत मागितले आहे. हे सगळे मुद्दे गंभीर आहेत. हे उत्तर पुढे लिंगाण्याला जाऊ इच्छिणारेही वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळेचा हिशेब. आपण आठ जण आणि तीन प्रशिक्षक मिळून अकरा माणसे होती. दोराला डिसेंडर (उतरण्याचा वेग आवरणारे उपकरण) जोडणे, तपासणी, प्रत्यक्ष उतरणे, खालच्या स्टेशनला स्वतःला अडकवून घेऊन डिसेंडर काढणे आणि ‘दोर मोकळा’ अशी हाक देणे, याला माणशी चार ते पाच मिनिटे लागतात. म्हणजे अकरा जणांच्या एका टप्प्याला सुमारे पन्नास मिनिटे झाली. पाचही टप्पे एकामागून एक केले, तर नुसत्या उतरण्यालाच चार तासांहून अधिक वेळ जाईल, आणि दोर ओढून पुन्हा लावण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही. आपण सव्वातीन तासांत खाली आलात, आणि त्यातला बराच वेळ अडकलेला दोर सोडवण्यात गेला. तो वगळला तर उतरणे अडीच ते पावणेतीन तासांत झाले. हा वेळ कुठे वाचला ते आपल्याला वरून दिसले नसेल, कारण तो वाचवणारा प्रशिक्षक आपल्या आधीच खालच्या लेजवर (कड्यातल्या अरुंद सपाटीवर) पोहोचलेला होता.

आमच्याकडे साठ मीटरच्या दोरांच्या दोन जोड्या होत्या. पहिली जोडी माथ्याखालच्या टप्प्याला लागली. पहिला प्रशिक्षक दुसरी जोडी पाठीवर घेऊन सर्वांत आधी उतरला आणि आपला दुसरा-तिसरा सहकारी हवेत असतानाच त्याने पुढचा टप्पा लावून घेतला. त्यामुळे पहिला आणि दुसरा टप्पा जवळजवळ एकाच वेळी चालू राहिला. दुसऱ्या टप्प्याखाली सगळे जमल्यावर वरचा दोर ओढायला घेतला, तेव्हा त्याचे खालचे टोक आधीच पुढच्या स्टेशनच्या कडीतून ओवलेले होते. दोर जसजसा खाली येत जातो, तसतसा तो पुढच्या टप्प्यासाठी लागतही जातो, आणि दोराचे एक टोक तरी सतत स्टेशनमध्ये असल्याने तो हातातून निसटून दरीत जाण्याची भीती राहत नाही. शेवटच्या माणसाने आणलेली पहिली जोडी मग चौथ्या टप्प्यासाठी पुढे जाते. लांबच्या उतरणीत वेळ वाचतो तो असा, स्टेशनवर कोणाचे हात केव्हा मोकळे आहेत हे पाहून कामाची वाटणी केल्याने. दोरावरून भरभर घसरत येणाऱ्याने प्रत्येक टप्प्यात फार तर अर्धे मिनिट वाचते. शिवाय डिसेंडर तापतो, दोर कडेवर घासतो आणि खालच्यांवर दगड सुटतात.

आपण लिहिले आहे, की आपली पाळी येण्याच्या बऱ्याच आधी आपल्याला दोराला जोडून ‘विनाकारण उभे करून ठेवले’. यामागचे कारण असे. लेजवर चार माणसे असतील, तर चौघांचेही डिसेंडर एकाखाली एक, छातीपर्यंत येणाऱ्या स्लिंगला (पट्टीला) जोडून, आधीच दोरावर चढवले जातात आणि प्रशिक्षक चौघांचे हार्नेस (कमरेचे पट्टे), कॅराबिनरचे (जोडकडीचे) लॉक आणि प्रुसिक एकाच फेरीत तपासतो. खालचा उतरत असताना दोर ताणलेला असल्याने वरचे तिघे जागचे हलू शकत नाहीत. त्याने दोर मोकळा केला, की पुढचा लगेच निघतो. ही पद्धत वापरली नाही, तर दर माणसामागे दीड-दोन मिनिटे जास्त जातात आणि, मला अधिक महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, सर्वांत शेवटी उरणाऱ्या नवख्या माणसाची तपासणी करायला वर कोणी उरत नाही. स्वतःच्या सुरक्षा स्लिंगवर कातळाला टेकून पंधरा-वीस मिनिटे उभे राहणे कंटाळवाणे असते हे मला मान्य आहे, विशेषतः वारा असताना आणि पायाखाली दोन वीत जागा असताना.

प्रुसिकबद्दल. डिसेंडरच्या खाली दोन्ही दोरांवर गुंडाळलेली ती पातळ दोरी हात सुटताक्षणी दोराला धरते. माणूस हात का सोडतो, तर डोक्यावर दगड येतो म्हणून, माश्या अंगावर आल्या म्हणून, किंवा केस अथवा जॅकेटची नाडी डिसेंडरमध्ये गेली म्हणून. ती गुंडाळायला अर्धे मिनिट लागते. खाली पोहोचलेला प्रशिक्षक दोन्ही दोर हातात धरून उभा असतो आणि गरज पडल्यास ते खेचून वरच्याला थांबवू शकतो. त्यामुळे मधल्या माणसांना प्रुसिक कशाला, हा प्रश्न अनेकजण विचारतात. पण त्याच प्रशिक्षकाला त्या वेळी पुढचे स्टेशन लावायचे असते, आणि त्याचे हात मोकळे राहावेत यासाठीच वरच्याच्या दोरावर प्रुसिक हवा. म्हणजे प्रुसिकमुळे वेळ गेला असे आपल्याला वाटले, तरी प्रत्यक्षात त्यामुळे वेळ वाचला.

दोराच्या टोकांच्या गाठी आणि दोघांनी एकदम उतरणे हे दोन्ही मुद्दे एकत्र घेतो, कारण त्यांचा संबंध आहे. ब्रॅड गोब्राइट हा जगातल्या नावाजलेल्या गिर्यारोहकांपैकी एक होता. नोव्हेंबर 2019 मध्ये मेक्सिकोतील एल पोत्रेरो चिको येथे, ‘एल सेंदेरो लुमिनोसो’ या लांबलचक मार्गावरून उतरताना तो आणि त्याचा साथीदार एकाच दोराच्या दोन बाजूंवरून एकमेकांच्या वजनावर एकाच वेळी उतरत होते. दोराचा मध्य कडीत नीट आलेला नव्हता आणि टोकांना गाठी नव्हत्या. त्याच्या बाजूचे टोक डिसेंडरमधून निघून गेले आणि तो गेला. साथीदार खालच्या लेजवर पडून वाचला. कौशल्यात त्याच्या जवळपास जाणारा एकही माणूस आमच्या गटात नाही, माझ्यासकट. तेव्हा प्रत्येक टोकाला गाठ आणि एका वेळी एक माणूस हा नियम आमच्याकडे कोणाच्याही घाईसाठी बदलत नाही.

मग शेवटच्या टप्प्यावर दोघे एकदम कसे उतरले? तिथे पद्धतच वेगळी होती. त्या स्टेशनवर दोन्ही दोर स्वतंत्रपणे बांधून फिक्स केले होते, म्हणजे एका दोरावरच्या माणसाचे वजन दुसऱ्यावर अवलंबून नव्हते. एकाने दोर सोडला तरी दुसऱ्याला काही होत नाही. खाली खिंड रुंद असल्यामुळे दोघांना वेगवेगळ्या बाजूंना उतरवता आले. शेवटच्या प्रशिक्षकाने त्या गाठी सोडल्या, दोर पुन्हा ओढता येईल असा लावला आणि तो एकटा खाली आला. तेवढ्या एका टप्प्यात जवळपास निम्मा वेळ वाचला. वरच्या अरुंद लेजवर हेच केले असते, तर दोघे एकमेकांच्या अंगावर दगड पाडत उतरले असते.

आता पाचाऐवजी तीन टप्प्यांचा प्रश्न. दोन दोर जोडून सलग साठ मीटर उतरता येते हे खरे आहे, आणि सरळसोट, गुळगुळीत कड्यावर आम्हीही तसेच उतरलो असतो. पण सह्याद्रीचा कातळ म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. कठीण थरांच्या उभ्या भिंती होतात आणि मधल्या मऊ थरांच्या जागी पायऱ्यांसारख्या लेज पडतात. या प्रत्येक लेजवर घसारा असतो, वाळलेल्या गवताचे बुंधे असतात, आडव्या भेगा असतात. जितका दोर लांब, तितक्या जास्त लेजवरून तो ओढावा लागतो, तितके घर्षण वाढते आणि दोर अडकण्याची व दगड सुटण्याची शक्यता वाढते. शिवाय वारा सुटला, की साठ मीटरवरून मारलेली हाक ऐकू येत नाही. दोन टप्पे वाचवायला जाऊन एकदा दोर अडकला, तर वाचवलेला सगळा वेळ परत द्यावा लागतो.

दोर अडकला तो आपल्या बाबतीतही. दुसऱ्या टप्प्यावर शेवटचा प्रशिक्षक उतरण्यापूर्वी खालून दोर दोन हात ओढून पाहिला होता आणि तो सहज सरकला होता. सगळे खाली आल्यावर टोकांच्या गाठी सोडून ओढायला सुरुवात केली, तेव्हा दोन दोर जोडणारी गाठ वरच्या लेजच्या काठाशी एका आडव्या भेगेत बसली. अशा वेळी चार जणांनी लटकून दोर ओढावा असे प्रत्येकाला वाटते, आणि आपण तसे सुचवलेही होते. पण तसे केल्याने गाठ आणखी खोल रुतते, किंवा दोर सुटताना एखादी शिळा घेऊन येतो. प्रशिक्षकांनी आधी बाजूला सरकून ओढण्याचा कोन बदलून पाहिला, मग दोराला लाट देऊन पाहिली. सुदैवाने दुसरे टोक अजून हातात होते. म्हणून दोन्ही दोरांवर प्रुसिक बांधून एक जण परत वर गेला, गाठ भेगेतून काढली, ती काठाच्या खाली राहील अशी दोरांची मांडणी केली आणि पुन्हा उतरला. याला चाळीस मिनिटे लागली. दुसरे टोक वर निघून गेले असते, तर एका दोरावर विसंबून वर जाण्याची परवानगी मी कोणालाही दिली नसती, आणि मग खूप जास्त वेळ लागला असता.

दुसऱ्या गटाविषयी एवढेच, की त्यांनी चढतानाच सर्व टप्प्यांवर दोर बांधून ठेवले होते आणि त्यांची माणसे आपल्यापेक्षा कमी होती. तो मार्ग योग्यच आहे. मात्र सुट्टीच्या दिवशी लिंगाण्यावर दोन-तीन गट असताना प्रत्येकाने तसे दोर सोडले, तर एकाच स्टेशनवर दोरांचा गुंता होतो आणि कोणाचा दोर कोणता हेच कळत नाही. म्हणून मागून येणारा गट असला, की आम्ही आपले दोर काढून घेत उतरतो.

अंधाराबाबत: डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खिंडीतून बोराट्याची नाळ चढून मोहरी गावाला पोहोचायला साधारण दीड तास लागतो. मोहिमेच्या सूचनापत्रात हेडटॉर्च अनिवार्य आहे ते यासाठीच, आणि सुळक्यावरून सगळे उजेडात उतरतील हे पाहूनच माथ्यावरून निघण्याची वेळ ठरवली जाते. नाळेतले धोंडे टॉर्चच्या प्रकाशात चढणे त्रासाचे असले तरी त्याची तयारी करून जाता येते. रॅपलिंग अंधारात करणे आम्ही टाळतो.

शुल्क परत करणे मला शक्य नाही, कारण ज्या गोष्टींसाठी आपण ते मागत आहात त्यांच्यासाठीच ते घेतलेले असते. परंतु मोहिमेआधीच्या रविवारी पुण्यात होणाऱ्या रॅपलिंगच्या सरावाला, जो सध्या ऐच्छिक आहे, आपल्या गटातील आठपैकी तिघेच आले होते, आणि उरलेल्यांना डिसेंडर जोडायला शिकवण्यात पहिल्या टप्प्यावर वेळ गेला, असे प्रशिक्षकांनी सांगितले. पुढील मोहिमेपासून लिंगाण्यासाठी हा सराव सक्तीचा राहील आणि एका गटात सहांहून अधिक जण घेतले जाणार नाहीत. आपणा आठही जणांना येत्या कोणत्याही रविवारच्या सरावाला विनाशुल्क यावेसे वाटल्यास शुक्रवार संध्याकाळपर्यंत कार्यालयात कळवावे. हार्नेस आणि हेल्मेट आमच्याकडून मिळेल. दोर ओढणे, अडकलेला दोर सोडवणे आणि एकाच वेळी चौघांना दोराला जोडणे या तिन्ही गोष्टी त्या दिवशी आपल्या हातून करून घेऊ.

आपला,
संचालक