‘२४५ हॉर्सपॉवरच्या गाडीमागे ट्रेलर डोलतो, म्हणजे ट्रेलरच खराब’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्याकडून एका एक्सलचा, विनाब्रेकचा हलका ट्रेलर विकत घेतला. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या मागे लावून, दोन कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) टाकून रविवारी रामटेकजवळच्या खिंडसी तलावाला निघालात. कन्हान ओलांडल्यावर ११० च्या वेगात ट्रकला ओव्हरटेक करताना ट्रेलर डोलायला लागला, ब्रेक दाबल्यावर आणखीच डोलला. त्याशिवाय बल्ब गेल्याची वॉर्निंग सारखी येत होती, रिव्हर्स घेताना सेन्सर बोंबलत होते, आणि तलावाच्या ओल्या उतारावरून वर येताना पुढची चाकं जागच्या जागी फिरली. तुमचा निष्कर्ष असा, की गावठी ट्रॉलीवाल्यांनी स्पोर्ट्स कारच्या नादी लागू नये आणि पैसे परत करावेत.

कुणाला इजा झाली नाही, हे सगळ्यात चांगलं झालं. ट्रॉलीवाले तर आम्ही आहोतच. हिंगण्याकडच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात, त्यांतून कापूस जिनिंगला जातो, संत्री मंडईत जातात. मागचं वजन पुढच्या गाडीला कसं वागवतं, हे आम्ही तिथेच शिकलो.

आता मुद्द्यावर. सोमवारी तुम्ही ट्रेलर सामानासकट आणून उभा केलात, ते फार बरं केलंत, कारण काही हलवायच्या आत तो मोजता आला. सगळं मिळून वजन ४०० किलोच्या आसपास. म्हणजे ओव्हरलोड अजिबात नाही. युरोपात विनाब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या निम्मं वजन, यातलं जे कमी ते चालतं. तुमचा ट्रेलर त्याच्या बराच आत होता. मग मिस्त्रींनी घरगुती वजनकाटा जमिनीवर ठेवला, त्यावर गाडीच्या टो हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा केला आणि कपलिंग (ट्रेलरचा हुकाला अडकणारा भाग) त्यावर टेकवलं. काटा ६ किलोवर थांबला. तुमच्यासमोर.

तिथे २० ते २८ किलो हवे होते. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकावर पडायला हवा, हा साधा हिशोब डिलिव्हरीच्या कागदावर लिहिलेला आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. भार गेला कुठे, तेही दिसत होतं: जनरेटर आणि बर्फाची पेटी शेवटच्या फाळक्याला टेकून, कयाक त्याच्याही मागे बाहेर आलेले. मिस्त्री डिलिव्हरीच्या वेळीच म्हणाले होते, "भाऊ, वजन समोर घ्या ना, नाहीतर मागून शेपूट हलवत राहील ही." रिव्ह्यूत तुम्ही त्याला ‘लेक्चर’ म्हटलंय. असेल बापडं, पण फुकट होतं.

शेपटाकडे वजन असलं की ट्रेलर एकदा आडवा हलला तर स्वतःहून सावरत नाही. वेग कमी असेल तर डोलणं दोन-चार हेलकाव्यांत मरतं. वेग वाढत जातो तसं ते मरायला उशीर लागतो, आणि एका वेगानंतर ते मरतच नाही, उलट दर हेलकाव्याला वाढतं. तो वेग इंजिन ठरवत नाही. वजन कुठे ठेवलंय, ड्रॉबार (ट्रेलरचा पुढचा दांडा) किती लांब आहे, टायरमध्ये हवा किती आहे, यावर तो ठरतो. तुमच्या गाडीचे २४५ घोडे आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) यात एवढंच करतात, की त्या वेगापर्यंत तुम्हाला कळायच्या आत पोचवतात. छोटी हॅचबॅक घाटात धापा टाकते आणि आपोआप जपून चालते. तुमच्या गाडीला मागे काही आहे हे जाणवतही नाही, आणि म्हणूनच अशा गाडीवाल्यांना आम्ही जास्त बजावतो. त्यात ट्रकच्या बाजूने जाताना हवेचा धक्का बसतोच. कागदावर आम्ही ८० लिहिलं होतं. चौपदरी महामार्गावर नुसत्या कारलाही केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने १०० ची कमाल मर्यादा ठरवली होती.

डोलायला लागल्यावर ब्रेक दाबायचा नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, त्यामुळे गाडी थांबते आणि ट्रेलर मागून ढकलतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही आणि वेग आपोआप उतरू द्यायचा.

बल्बची वॉर्निंग आणि सेन्सरचा आवाज या तुम्हाला वेगळ्या तक्रारी वाटल्या. त्यांचं मूळ एकच आहे आणि ते ट्रेलरमध्ये नाही. तुमच्या गाडीला टो हुक दुसऱ्या एका गॅरेजने बसवलाय आणि सॉकेटच्या वायरी सरळ टेललाइटच्या वायरीला जोडल्यात. अशा जोडणीत गाडीला ट्रेलर लागलाय हे कळतच नाही. तिला फक्त बल्बच्या लाइनवर नेहमीपेक्षा जास्त करंट दिसतो, म्हणून वॉर्निंग. मागच्या सेन्सरला ट्रेलर म्हणजे भिंत वाटते, म्हणून बोंब. आणि डोलणारा ट्रेलर चाकांना आळीपाळीने ब्रेक लावून सावरणारी जी यंत्रणा अशा गाड्यांत असते, ती कंपनीचं ट्रेलर मॉड्यूल (ट्रेलर ओळखणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) बसवून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद, म्हणजे कोडिंग, केल्याशिवाय जागी होत नाही. आम्ही स्वतः कारला हुक बसवत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये ती स्पष्ट केली आहेत. त्यामुळे हुक आणि वायरिंग दोन्ही गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा, आणि ते नाही म्हणाले तर ‘नाही’च समजा.

उतारावर चाकं फिरली, कारण गाडी पुढच्या चाकांवर चालते. चढावर वजन मागे सरकतं, ट्रेलर मागे खेचतो, आणि ओल्या मातीत एवढा टॉर्क दोनच चाकांवर येतो. अगदी हलक्या पायाने निघायचं, नाहीतर ट्रेलर सोडवून हाताने वर घ्यायचा.

नंबरला वेळ लागला हेही लिहिलंत. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी होते. आरटीओचा वेळ आमच्या हातात नाही, आणि नंबर येईपर्यंत ट्रेलर दिला नाही तो मुद्दाम.

एक जाता जाता. ट्रेलरच्या दोन्ही टायरमध्ये हवा कमी होती. उन्हाळ्यात हवा तापून वाढते म्हणून आधीच कमी ठेवायची, असं नागपुरात सर्रास करतात. होतं उलटं: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि ट्रेलरही जास्त डोलतो. सकाळी टायर थंड असताना, टायरच्या बाजूवर (साइडवॉलवर) छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून, आमच्या कागदावरच्या आकड्याएवढी भरा.

एक्सल, चासी, कपलिंग तपासलं. वाकलेलं, तुटलेलं काही नाही, म्हणून पैसे परत मिळणार नाहीत. जनरेटरसाठी एक्सलच्या किंचित पुढे पट्टा बांधायच्या दोन कड्या वेल्ड करून देतो, त्याचा खर्च आमचा. शनिवारी सकाळी ट्रेलर रिकामा आणि सामान वेगळं घेऊन या. काटा आणि ठोकळा तयार ठेवतो, भरणं मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने करायचं.