पाचपैकी एक

धाकट्याने वही पुढे सरकवली. पाच संख्या, प्रत्येकीपुढे परिमेय (दोन पूर्णांकांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येते ती) की अपरिमेय (तशी लिहिता येत नाही ती) एवढंच लिहायचं. "आण इकडे, दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो. जेवून गुपचूप झोपायला काय झालं होतं?

पहिली 22/7. पायची किंमत म्हणून शाळेत घोकलेली. आणि पाय अपरिमेय, हेही पक्कं आठवत होतं. ठोकून दिलं, अपरिमेय. दुसरी √2, अपरिमेय. तिसरी √2 × √8. यात तर दोन-दोन मुळं, म्हणजे डबल अपरिमेय! चौथी 1/17. कॅल्क्युलेटरवर 0.0588235294 उमटलं, कशाचा कशाला मेळ नाही. अपरिमेय. पाचवी मात्र गुणी होती: 0.1010010001…, दर खेपेला एक शून्य जास्त, अगदी कवायतीसारखं. एवढं वळण असलेली संख्या परिमेयच असणार.

थोरली शेजारी बसून ऐकत होती. तिने एकेक सोलायला घेतलं. 22/7 हा समोर लिहिलेला अपूर्णांकच आहे, म्हणजे परिमेय. पायच्या ती फक्त जवळ राहते. √2 × √8 म्हणजे √16, म्हणजे साधे 4. 1/17 चे अंक सोळा स्थळांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. (कॅल्क्युलेटर दहातच दमला, हा माझा गुन्हा कसा?) आणि ती कवायतवाली अपरिमेय, कारण परिमेय संख्येचे दशांश अंक एकतर संपतात, नाहीतर ठरावीक गटाने परत येतात; इथे शून्यं वाढतच जातात, ठरावीक गट काही परत येत नाही.

"एक तरी बरोबर आलं ना?" मी म्हणालो.

चुकलंच. ती नुकतीच द्विपद संभाव्यता शिकली होती आणि गिऱ्हाईक शोधतच होती. "समजा, बाबाऐवजी नाणं उडवलं. छापा परिमेय, काटा अपरिमेय. पाच फेकींच्या शक्यता 32. एकही बरोबर नाही, अशी 1. एकच बरोबर, अशा 5, कारण ते एक पाचांत कुठेही बसेल. उरल्या 26. त्या सगळ्यांत दोन किंवा जास्त बरोबर. 26/32, म्हणजे 81.25 टक्के."

"कसले?"

"नाणं तुझ्यापेक्षा हुशार निघण्याचे."

मी जरा वेळ आकडा न्याहाळला. "पण हे 81.25 परिमेय, बरोबर?"

"बरोबर."

"मग सहापैकी दोन झाले!"

"ते यात धरत नाहीत, बाबा."

दुसऱ्या दिवशी धाकटा पुन्हा वही घेऊन आला. माझ्यासमोर बसला, पान उघडलं आणि हात पुढे केला.

"बाबा, एक नाणं दे."