कामासाठी जातेय, माणसांसाठीही जातेय

उन्हाळ्यात स्वीडनमधल्या उप्सालाला परिषद, मग लंडनला आर्काइव्हचं (जुन्या कागदपत्रांच्या संग्रहातलं) काम आणि शेवटी नेदरलँड्समध्ये ताईकडे मुक्काम, असा बेत ठरतोय. सोबत आई आणि लेक. विभागात हे कळल्यावर प्रतिक्रिया ठरलेली होती : “अरे वा, फॅमिली ट्रिप!” बोलणारा हसून बोलतो, पण ऐकणारीला लगेच खुलासा करावासा वाटतो. मी तिथे केला नाही. इथे करते, आणि जरा लांबलचक करते.

माझा विषय अठराव्या शतकातले वनस्पतीसंग्रह. कोण कुठे गेलं, काय गोळा केलं, आणि मला सर्वांत जास्त रस असतो तो म्हणजे खर्च कुणी केला. उप्साला हे लिनेअसचं, म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाचं, गाव. त्याने वनस्पती गोळा करायला जगभर धाडलेल्या सतरा विद्यार्थ्यांना त्याचे ‘प्रेषित’ म्हणतात. त्यातला पहिला क्रिस्टोफर टेर्नस्ट्रोम. पेशाने पाद्री, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला. चीनकडे जाणाऱ्या जहाजावर निघाला आणि 1746 मध्ये आजच्या व्हिएतनामजवळच्या पुलो कोंदोर बेटावर वारला. माझी मुलं तुमच्यामुळे पोरकी झाली, असं त्याच्या बायकोने लिनेअसला सुनावलं. यावर लिनेअसने काय केलं? यापुढे फक्त अविवाहित तरुण पाठवायचे, असं ठरवलं. मागे राहिलेल्यांची सोय लावण्यापेक्षा मागे कुणी नसलेला माणूस शोधणं त्याला सोपं वाटलं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, पण हा तोडगा निवड समित्यांच्या डोक्यातून पुरता गेलाय असं मला वाटत नाही.

आता बघा, संशोधक एकटा गेला की त्याच्या मागे घर बंद राहत नाही. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, रात्री-अपरात्री येणारे फोन हे सगळं कुणीतरी सांभाळतच असतं. ते काम म्हणजे त्या संशोधनाला मिळालेलं अनुदानच आहे, फक्त कुठल्याही हिशोबात दिसत नाही आणि पुस्तकाच्या ऋणनिर्देशात एका ओळीत उरकतं. हेच काम मी सोबत घेऊन निघाले की मात्र ते सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं की त्याला सहल म्हणतात. डार्विन 1831 मध्ये ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला निघाला तेव्हा पाच वर्षांचा त्याचा खर्च वडिलांनी उचलला. आधी ते ‘नाही’च म्हणत होते, मामाने समजूत घातली. त्या प्रवासाला कुणी कौटुंबिक म्हटलेलं मी वाचलेलं नाही.

याच्या उलट मारिया सिबिला मेरियान ही चित्रकार. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, 1699 मध्ये, स्वतःची चित्रं विकून पैसे उभे केले आणि किड्यांचा अभ्यास करायला ॲमस्टरडॅमहून थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. सोबत एकवीस वर्षांची लेक डोरोथिया. 1701 मध्ये आजारपणामुळे परतली आणि 1705 मध्ये तिचा सुरिनामच्या कीटकांवरचा ग्रंथ निघाला. ती ते काम लेकीशिवाय करूच शकली नसती, असा दावा मी करणार नाही. पण लेक सोबत होती म्हणून कामात काही कमी राहिलं, असं तो ग्रंथ पाहून कुणी म्हणून दाखवावं.

असो. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) फॉर्म भरताना एक गंमत झाली. ज्या देशात मुक्काम जास्त किंवा जो देश प्रवासाचं मुख्य कारण, त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम. माझं कारण स्वीडनमध्ये आणि दिवस जास्त नेदरलँड्समध्ये, त्यामुळे डोकं जरा खाजवावं लागलं. पण त्याच फॉर्ममध्ये प्रवासाचा उद्देश एकाहून जास्त असू शकतो, हे गृहीत धरलेलं आहे. परिषद आणि नातेवाइकांची भेट, दोन्ही लिहिता येतं. दुसऱ्याच्या देशात शिरू द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या संशयखोर खात्यालाही हे समजतं. प्रवास-अनुदानाच्या अर्जात मात्र उद्देशाला एकच चौकोन आणि सोबत येणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. (ब्रिटनचा व्हिसा वेगळाच काढावा लागतो. त्यावर लिहायला बसले तर आणखी एक पोस्ट होईल.)

पैशांच्या बाबतीत मी कडक आहे. परिषदेचे आणि आर्काइव्हचे दिवस अनुदानातून, त्यापुढचा प्रत्येक दिवस माझ्या रजेतून आणि माझ्या खिशातून. आई आणि लेकीचं तिकीट अर्थात माझं. तारखा अर्जातच स्पष्ट लिहिल्या आहेत. सरमिसळ करणारे असतात हे मलाही माहीत आहे. उद्घाटनाला गळ्यात बिल्ला अडकवून फोटो काढायचा आणि थेट समारोपाच्या जेवणाला उगवायचं, ही जमात कुणी पाहिली नाही? माझ्या पाहण्यातले असे बहुतेक जण एकटेच आलेले असतात. मुलं सोबत असलेली बाई सहसा सकाळच्या पहिल्या सत्रालाच हजर असते, कारण दुपारचं काय होईल याची तिला खात्री नसते.

‘जास्तीचे दिवस’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्याबद्दलही सांगते. आर्काइव्हच्या कामात मोकळे दिवस ठेवावेच लागतात. मागवलेला गठ्ठा दुसऱ्याच कुणाकडे असतो, दुरुस्तीला गेलेला असतो, किंवा वाचनकक्षच बंद असतो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ऑनलाइन कॅटलॉग कित्येक आठवडे मिळेना. त्या काळात तिकीट काढून बसलेल्यांचं काय झालं असेल, कल्पना करा. म्हणून हातचे दिवस हवेत. ते कामाला लागले नाहीत तर मी लेकीबरोबर हिंडेन. हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले तर ते दिवस जास्त शैक्षणिक होतील का?

हे बदलणं अशक्य नाही. युरोपातल्या मेरी क्युरी फेलोशिपमध्ये कौटुंबिक भत्ता आहे. परदेशी संशोधकांना फेलोशिप देणारं जर्मनीचं हुम्बोल्ट फाउंडेशनही सोबत येणाऱ्या कुटुंबासाठी मदत देतं. 2018 मध्ये रिबेका कॅलिसी आणि शास्त्रज्ञ मातांच्या एका गटाने ‘पीएनएएस’ या अमेरिकेतल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात परिषदांनी काय करावं ते लिहिलं : बालसंगोपनाला पैसे द्या, जागेची सोय करा, वगैरे. माझी मागणी त्याहून लहान आहे. अनुदानाच्या अर्जात एक ओळ वाढवा : ‘सोबत कोण येणार? मागे कोण सांभाळणार?’ पैसे पुढच्या वर्षी दिले तरी चालतील, आधी विचारा तरी. आणि मुलांबद्दल बोलतो तसं म्हाताऱ्या आईवडिलांबद्दलही बोला. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी मुलं मोठी झाल्यावर बाहेर पडायचं ठरवलं होतं, आणि तोवर आईवडील थकले.

लंडनला मी लिनेअन सोसायटीत बसणार आहे. लिनेअसचा संग्रह याच संस्थेकडे आहे. स्वीडनचा संग्रह तिथे कसा, तर तीही घरगुतीच गोष्ट. लिनेअसचा मुलगा 1783 मध्ये गेला आणि लिनेअसच्या बायकोने संग्रह विकायला काढला. पुढच्या वर्षी जेम्स एडवर्ड स्मिथ या चोवीस वर्षांच्या पोराने तो घेतला, आणि पैसे कुणी दिले? त्याच्या वडिलांनी. नवऱ्याचे कागद विकणारी बायको आणि मुलाचा हट्ट पुरवणारा बाप, यांच्या व्यवहारावर आज माझं संशोधन चाललंय.

उप्सालाजवळच्या हामरबीला मात्र आम्ही तिघी जाणार. लिनेअसने 1758 मध्ये घेतलेली ही शेतवाडी. विद्यार्थ्यांनी सडेफटिंग असावं म्हणणारा हा गृहस्थ स्वतः उन्हाळ्यात बायको-मुलांसह इथे राहायचा आणि इथेच विद्यार्थ्यांना शिकवायचा. झोपायच्या खोलीच्या भिंतींवर वनस्पतींची छापील चित्रं चिकटवलेली आहेत. लेकीला ती खोली बघायची आहे. आईचे गुडघे फार चालू देत नाहीत. तर तिथे जाऊन आलेल्या कुणी सांगेल का : बस घरापासून किती लांब सोडते, आणि आत बसायला बाकं आहेत का? कॉमेंटमध्ये लिहा, इनबॉक्स नको, इतरांनाही उपयोग होईल.