उपवासकाळाचे दिवस 46 की 40? फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाबद्दल (लेंट) वसई-मुंबईच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘चर्चच्या लॅटिन भाषेत उपवासकाळाला क्वाड्राजेसिमा, म्हणजे चाळिसावा, म्हणतात, पण भस्म बुधवारपासून मोजले तर 46 दिवस भरतात. सहा दिवस चर्चने मागाहून वाढवले. आणि या 46 दिवसांत मांस खाणे पाप आहे.’

2026 चे कॅलेंडर घ्या. भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला, ईस्टर 5 एप्रिलला. 4 एप्रिलपर्यंत दिवस मोजले तर 46 येतात, इथवर मेसेज बरोबर. मात्र त्यात सहा रविवार आहेत. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. ते वगळले की नेमके 40 उरतात. शिवाय जुनी मोजणी पहिल्या रविवारपासून होती, उपवास 36 च भरत. ते 40 व्हावेत म्हणूनच बुधवारपासूनचे चार दिवस जोडले गेले. वाढवले ते हेच, सहा नव्हेत.

मांसाचे म्हणाल तर, कॅथलिक चर्चच्या कायद्यात (कलम 1251) मांसवर्जन शुक्रवारी, आणि उपवास व मांसवर्जन दोन्ही भस्म बुधवारी व गुड फ्रायडेला सांगितले आहे. मासळीला बंदी नाही! कोणी स्वखुशीने पूर्ण काळ मांस सोडतो. तो त्याचा नवस.

केरळचे सिरो-मलबार (पूर्वेकडील परंपरेचे कॅथलिक) शेजारी भस्म बुधवारच्या आधीच्या सोमवारीच सुरुवात करतात. त्यांची परंपरा वेगळी, त्यात कोणाचीच चूक नाही.

मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.