हेल्थ इन्फॉर्मेटिक्सची पदवी सुरू करताय? मग आधी खराब डेटा जमवा

हेल्थ इन्फॉर्मेटिक्स म्हणजे रुग्णांची माहिती संगणकावर नोंदवण्याचं, जपण्याचं आणि वापरण्याचं शास्त्र. त्याचा नवा अभ्यासक्रम काढायचं ठरलं की पहिली बैठक नावावर होते आणि दुसरी इमारतीवर. तिसऱ्या बैठकीत अभ्यासक्रम तयारही झालेला असतो. कॉम्प्युटर सायन्सचे दहा-बारा पेपर, त्यात शरीरशास्त्राचा एक, रुग्णालय व्यवस्थापनाचा एक आणि शेवटच्या वर्षाला एआय. ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला कोड लिहिता येतो, किडनीचं कामही सांगता येतं. पण एखाद्या रुग्णाचं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) काल १.१ होतं आणि आज ९७ दिसतंय, तर रुग्ण अत्यवस्थ आहे, मशीन बिघडलंय की फक्त एकक बदललंय, हे त्याला ओळखता येत नाही. १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ९७ मायक्रोमोल प्रति लिटर. रुग्ण आहे तसाच आहे, रिपोर्ट दुसऱ्या लॅबमधून आलाय. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचं काम इथून सुरू होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की या पदवीचा कणा प्रोग्रॅमिंग नाही आणि शरीरशास्त्रही नाही. उपचार चालू असताना तयार होणारी अर्धवट, दुबार, चुकीच्या रकान्यात पडलेली नोंद हाच तिचा कणा. ती नोंद का बिघडली हे शोधता येणं आणि पुढच्या वेळी बिघडू न देणं, हे शिकवायचं आहे. हे एकदा मान्य केलं की किती मुलं घ्यायची, कोणी शिकवायचं, लॅब कशी हवी, सगळ्याची उत्तरं बदलतात.

सुरुवात प्रवेशसंख्येपासून करू, कारण तिथेच सर्वात मोठी चूक होते. वर्गात ६० बाकं आहेत म्हणून ६० प्रवेश, असा हिशोब या विषयाला चालत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला किमान १६ आठवडे खऱ्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये काम मिळायला हवं. एका रुग्णालयाचा माहिती विभाग एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी नीट सांभाळू शकत नाही, कारण त्यांना शिकवणारा माणूस स्वतःचं काम सांभाळून शिकवत असतो. दोन फेऱ्या धरल्या तर एका रुग्णालयातून आठ जणांची सोय होते. ६० मुलांसाठी आठ रुग्णालयं लागतात आणि पहिल्या वर्षी आठ करार कोणाच्याच हातात नसतात. चार असतील तर ३० प्रवेश द्या. आणि करार म्हणजे दोन पानांवरच्या सह्या नव्हेत. देखरेख कोण करणार, लॉगिन कशाचं मिळणार (चालू सिस्टिमचं नको, प्रशिक्षणाच्या प्रतीचं), बसायला जागा कुठे, मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला तर काय कारवाई, डेटा इमारतीबाहेर नेता येईल का, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. यातलं काही राहिलं की पोरांना स्वागतकक्षात बसवून फॉर्म भरायला लावतात आणि १६ आठवडे वाया जातात.

रुग्णालयांशी बोलताना 'तुम्हाला असे पदवीधर हवेत का?' हा प्रश्न विचारू नका. याला कोणीच नाही म्हणत नाही. गेल्या दोन वर्षांत या कामासाठी किती माणसं घेतली, ती कुठल्या पार्श्वभूमीची होती आणि त्यांना काय येत नव्हतं, हे विचारा. दहा-बारा ठिकाणी हे विचारलं की अभ्यासक्रमाचा अर्धा आराखडा आपोआप समोर येतो.

शिक्षकांचं म्हणाल तर हा विषय एका विभागाच्या ताब्यात देऊ नये. या विषयाची सुरुवातीची एक पदवी १९७२ साली जर्मनीत सुरू झाली, तीच मुळी हायडलबर्गचं विद्यापीठ आणि हाइलब्रॉनची तांत्रिक शिक्षणसंस्था यांनी मिळून. हे शहाणपण आजही कामाचं आहे. महत्त्वाचे पेपर जोडीने शिकवा. एक शिक्षक तंत्राचा आणि दुसरा वॉर्डात, लॅबमध्ये किंवा रेकॉर्ड रूममध्ये काम केलेला. दुसरा माणूस डॉक्टरच हवा असं अजिबात नाही. नमुना कुठे चुकतो हे अनुभवी लॅब टेक्निशियनइतकं कोणाला माहीत नसतं आणि नोंद का राहून जाते हे नर्सइतकं कोणाला कळत नाही. त्यांना अतिथी व्याख्याता म्हणून तासाभरासाठी बोलावू नका, परीक्षेच्या गुणांवर त्यांचीही सही असू द्या. विषय ठरवताना आंतरराष्ट्रीय मेडिकल इन्फॉर्मेटिक्स संघटनेच्या २००० सालच्या आणि २०१० मध्ये सुधारलेल्या शिफारशी जवळ ठेवा. नुसता वापरकर्ता आणि तज्ज्ञ यांना कुठल्या विषयाची किती खोली लागते, हे त्यात वेगवेगळं मांडलंय.

आता लॅब. हिला फार पैसा लागत नाही, पण वेळ भरपूर लागतो. रुग्णनोंदीसाठी ओपनएमआरएस, क्ष-किरण आणि स्कॅनच्या प्रतिमांसाठी ऑर्थँक, 'फायर' या आरोग्यमाहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकाचा सर्व्हर म्हणून हापी. तिन्ही मुक्त स्रोत आहेत. ३० जणांसाठी ६४ जीबी मेमरीचा एक सर्व्हर आणि विद्यार्थ्यांच्या मशीनवर प्रत्येकी १६ जीबी पुरतं. रुग्ण कुठून आणायचे? सिंथिया हे मोफत साधन कृत्रिम रुग्ण तयार करतं, जन्मापासूनच्या भेटी, निदानं, औषधं आणि तपासण्यांसकट. साध्या लॅपटॉपवर हजार रुग्ण काही मिनिटांत तयार होतात, आणि खरा माणूस त्यात नसल्यामुळे गोपनीयतेचा प्रश्नही येत नाही.

अडचण एकच, हा डेटा फार स्वच्छ असतो. त्यावर शिकलेली मुलं खऱ्या रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात गांगरतात. म्हणून तो मुद्दाम बिघडवायचा. हजारांतले ५० रुग्ण दुबार करा, काहींच्या नावात एक अक्षर बदला, काहींच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे करा. दहा-बारा जणांची जन्मतारीख १ जानेवारी टाका, कारण तारीख माहीत नसली की नोंदणीच्या खिडकीवर हेच होतं. एका लॅबचे सगळे ग्लुकोज आकडे १८ ने भागा, म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे मिलिमोल प्रति लिटर होतात, आणि एककाचा रकाना तसाच ठेवा.

हा शेवटचा प्रयोग एक अख्खं प्रात्यक्षिक खाऊन जातो, आणि खाऊ द्या. ९९ मिलिग्रॅमचं ग्लुकोज ५.५ होऊन बसतं. बहुतेक विद्यार्थी काय करतात? २० च्या खालचे आकडे अशक्य म्हणून गाळून टाकतात. सरासरी छान दिसते, आलेखही छान येतो. मग त्यांना विचारा, गाळलेले रुग्ण कोणते? सगळे एकाच लॅबचे. म्हणजे एका भागातली माणसं अभ्यासातून पुसली गेली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. बरोबर वाट अशी की आधी आकडे लॅबवार वेगळे करून पाहायचे, दोन गठ्ठे दिसले की त्यांचं गुणोत्तर काढायचं, ते १८ च्या आसपास आलं की लॅबला फोन करून खात्री करायची आणि मगच दुरुस्ती करायची. मूळ आकडा पुसायचा नाही, दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात.

संदेशांच्या मानकांचंही तसंच. फायर नवं आहे, सुटसुटीत आहे, ते शिकवायलाच हवं. पण एचएल सेव्हन या संदेश-मानकाची दुसरी आवृत्ती, ती उभ्या रेघांनी रकाने पाडलेली जुनी पद्धत, रुग्णालयांच्या आत अजून जोरात चालू आहे. ती अभ्यासक्रमातून वगळली तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थी अडकेल. लॅबच्या निकालाची 'ओबीएक्स' ही ओळ घ्या. तिसऱ्या रकान्यात तपासणी कोणती, पाचव्यात आकडा, सहाव्यात एकक, सातव्यात सामान्य मर्यादा. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा अकरावा रकाना. त्यात 'पी' म्हणजे निकाल प्राथमिक, 'एफ' म्हणजे अंतिम, 'सी' म्हणजे आधीचा अंतिम निकाल चुकीचा होता, हा दुरुस्त घ्या. प्रोग्रॅमने हा रकाना वाचलाच नाही तर डॉक्टरांसमोर पोटॅशियमचे दोन आकडे येतात, एक खरा आणि एक रद्द झालेला, आणि कुठला कोणता हे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला असे ५० संदेश द्यावेत, त्यांत चार 'सी' लपवलेले असावेत.

विषयांचा क्रम कसा लावायचा? पहिल्या सेमिस्टरला एका रक्ताच्या नमुन्याचा पाठलाग करायला लावा. डॉक्टरांनी तपासणी लिहिल्यापासून लेबल, नमुना, लॅबमधली नोंद, मशीन, पडताळणी आणि रिपोर्ट कोणीतरी उघडून वाचेपर्यंत. प्रत्येक टप्प्याला वेळ कोण नोंदवतं आणि कशाची, हे लिहून आणायचं. नमुना घेतल्याची वेळ आणि लॅबला पोहोचल्याची वेळ यांत गल्लत झाली की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शिकवा, आणि घाईने नको. एका रुग्णाची तीन निदानं आणि दहा तपासण्या आहेत. दोन तक्ते रुग्णक्रमांकावर सरळ जोडले की तीस ओळी होतात. आता सगळ्या रुग्णांची मिळून सरासरी काढली तर ज्याला आजार जास्त त्याचे आकडे तितक्या जास्त वेळा मोजले जातात. चूक झाल्याचा कुठलाही इशारा येत नाही, उत्तर व्यवस्थित दशांशात येतं. हे हाताने, कागदावर तीन रुग्ण घेऊन करून दाखवलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

संकेतावलींसाठी, म्हणजे आजारांना आणि तपासण्यांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या याद्यांसाठी, एक पूर्ण सेमिस्टर. आजारांसाठी आयसीडी (दहावी आवृत्तीही शिकवा, कारण जुना डेटा त्यातच आहे आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली असली तरी बदल हळूहळू होतोय), तपासण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी. लॉइंकमध्ये सीरम किंवा प्लाझ्मामधल्या ग्लुकोजला २३४५-७ आणि रक्तातल्या ग्लुकोजला २३३९-० असे वेगळे क्रमांक का आहेत, यावर एक तास खुशाल जाऊ द्या. परवान्यांकडे मात्र वर्षभर आधी बघा. लॉइंक मोफत मिळतं, स्नोमेड सीटीचा परवाना आपला देश सदस्य आहे की नाही यावर अवलंबून असतो, आणि हे सेमिस्टर सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

एक प्रकरण मात्र प्रत्येक तुकडीने सविस्तर अभ्यासलंच पाहिजे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात डॉक्टरांच्या सूचना कागदाऐवजी संगणकावर घ्यायला सुरुवात झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बाहेरून तातडीने आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेला. मूल दारात पोहोचून नोंदणी होईपर्यंत सूचना टाकताच येत नव्हत्या. पूर्वी ते वाटेत असतानाच तयारी सुरू व्हायची. नेहमीच्या सूचनांचे तयार संच नव्हते, त्यामुळे एकेक औषध क्लिक करत बसावं लागायचं. औषधंही वॉर्डातून हलवून मध्यवर्ती फार्मसीत नेली होती. पुढे सिएटलच्या बालरुग्णालयात तीच प्रणाली बसवली, तयारी करून, आणि तिथे मृत्युदर वाढला नाही. प्रोग्रॅम तोच, कामाची मांडणी वेगळी. विद्यार्थ्यांना जुनी आणि नवी कार्यपद्धत दोन कागदांवर आखायला सांगा आणि कुठे किती मिनिटं गेली ते शोधायला लावा.

गोपनीयता म्हणजे नुसता कायद्याचा पेपर नव्हे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना फक्त जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड यांवरून वेगळं ओळखता येण्याची शक्यता आहे. नाव काढलं म्हणजे ओळख गेली, हा समज पहिल्याच वर्षी मोडायला हवा. तिसऱ्या वर्षी मिमिक हा बॉस्टनच्या अतिदक्षता विभागातला खरा, ओळख काढलेला डेटा वापरता येतो. त्यासाठी प्रत्येकाला प्रशिक्षण पूर्ण करून वापराच्या करारावर स्वतः सही करावी लागते, आणि ते त्यांनी करावंच. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ८९ वर्षांवरच्या रुग्णांचं वय मुद्दाम ३०० च्या पुढे दिसतं. सरासरी वय काढताना जो हे आधी वाचत नाही, तो तिथेच सापडतो.

एआय शिकवा, पण या सगळ्यानंतर. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातल्या, जास्त देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडणाऱ्या अमेरिकेतल्या अल्गोरिदमने आजाराच्या गरजेऐवजी उपचारावर झालेला खर्च मोजला. कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत आलेला, म्हणून ते तितकेच आजारी असूनही कमी गरजू ठरले. गणित बिनचूक होतं, निवडलेला रकाना चुकीचा होता. ज्याने दोन वर्षं रकान्यांशी झटापट केलीय, त्यालाच हे आधी दिसतं.

शेवटच्या प्रकल्पासाठी नैतिकता समितीची मंजुरी लागत असेल तर अर्ज सहाव्या सेमिस्टरच्या अखेरीस गेला पाहिजे. आठव्यात अर्ज केला की मंजुरी येईपर्यंत निकालाची तारीख येते, आणि मग प्रकल्प म्हणून कुठलं तरी मोबाईल अॅप जमा होतं.

आणि अंतिम परीक्षा लेखी नको. तीन तास, एक मशीन, २०० रुग्णांचा बिघडवलेला डेटा. दोष शोधायला ४० गुण, मूळ आकडे शाबूत ठेवून केलेल्या दुरुस्तीला ३०, आणि उरलेले ३० दोन छोट्या पत्रांना. एक लॅबप्रमुखांना, एक वॉर्डातल्या डॉक्टरांना, त्यांना समजेल अशा भाषेत, काय चुकलं होतं आणि आता कुठले रिपोर्ट पुन्हा बघायचे ते.