गालातली पांढरी जाळी आणि टाकणखाराचा मेसेज

घरच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय: 'मुलांच्या गालात आतून पांढऱ्या रेषा म्हणजे लायकेन. ही उष्णतेने होणारी बुरशी आहे, भावंडांनाही लागते. टाकणखार मधात खलून बोटाने घासा, पाच दिवसांत जाते. नाहीतर कॅन्सर होतो. लस घेतलेल्या मुलांनाच होते.' नाव तेवढं बरोबर आहे. आजाराचं पूर्ण नाव ओरल लायकेन प्लॅनस.

बुरशी? घोळ कदाचित नावातच असावा. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल, आणि दगडफुलात खरोखर बुरशी असते. पण इरॅस्मस विल्सन या इंग्रज डॉक्टरने 1869 मध्ये या आजाराला हे नाव दिलं ते दिसण्यावरून. प्रत्यक्षात शरीरातल्याच संरक्षक पेशी, म्हणजे टी-पेशी, तोंडाच्या अस्तराच्या तळच्या थरावर हल्ला करतात. त्या का बिथरतात, याचं पक्कं उत्तर अजून नाही. पण त्याचा पोटातल्या उष्णतेशी संबंध नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडातली खरी बुरशी दह्याच्या कवडीसारखी असते आणि ओल्या कापडाने बरीचशी पुसली जाते, खाली लाल दिसतं. लायकेनची जाळी पुसून जात नाही. बहुधा दोन्ही गालांत असते, नाजूक लेससारखी.

भावंडांना लागते, हे साफ चूक. जंतूच नाही तर लागणार काय? उष्टं पाणी प्यायल्यानेही नाही. मुलाचा पेला वेगळा काढू नका आणि शाळाही बुडवू नका.

टाकणखाराबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण नुकसान इथेच होतं. तोंड आलं की टाकणखाराची लाही लावायची, हे आजीच्या बटव्यातलं औषध. त्यामागची माया खोटी नाही. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात जातो, साठतो. चोखणीला मध-बोरॅक्स लावून दिलेल्या तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला तर नुसता मधही देऊ नये. शिवाय घासणं! या आजारात जिथे खरचटतं तिथे नवे चट्टे उमटू शकतात. नुसती जाळी असेल आणि जळजळ नसेल, तर बहुतेकदा काहीच लावावं लागत नाही. तिखट खाताना झोंबत असेल, लाल झालं असेल, तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम देतात. ते जागा कोरडी करून पातळ लावायचं, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. पाच दिवसांची हमी कुणीच देऊ शकत नाही; हा आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो.

कॅन्सरची भीती अर्धवट खरी आहे. जागतिक आरोग्य संघटना याला कर्करोगाची शक्यता असलेल्या मुखविकारांत धरते. पण मोठ्यांमध्येही बऱ्याच वर्षांत साधारण शंभरात एकाच्या आसपास हे प्रमाण जातं, आणि मुलांत असं घडणं फारच विरळ. त्यासाठी वर्षातून एक-दोनदा तोंड दाखवून यायचं, एवढंच. घाबरायचंच असेल तर गोड सुपारीला घाबरा. सुपारी चघळणाऱ्या मुलाचे गाल पांढुरके, कडक होतात, तोंड कमी उघडतं. तो वेगळाच आजार आहे, आणि त्यातला कॅन्सरचा धोका कितीतरी मोठा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, सुपारीची पुडी मात्र शाळेबाहेर टांगलेली असते.

राहिली लस. हेपटायटिस बीच्या लशीनंतर काही मुलांना लायकेन झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, हे लपवायचं कारण नाही. पण ही लस आपल्याकडे जन्मल्यापासून कोट्यवधी बाळांना दिली जाते, आणि लायकेन मुलांत दुर्मीळच आहे. तो मुख्यतः तिशी ते साठीतला आजार. ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांत लशीशी धागा सापडत नाही. उलट काविळीच्या सी विषाणूशी लायकेनचा संबंध अनेक देशांत दिसलाय.

दंतवैद्याकडे जाताना मुलाची मनगटं आणि घोटेही बघून घ्या. तिथे जांभळट, चपटे, खाजरे फोड असतील तर तेही सांगा, निदान सोपं होतं. शंका राहिलीच तर ते इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवतील. आणि जाण्याआधी काहीही लावू नका, नाहीतर मूळ जाळी ओळखू येत नाही.