सर, ती यादी घोकायला नव्हती

सर, नमस्कार.

पाच अक्षरी इंग्रजी शब्दांच्या माझ्या याद्यांवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: ‘शेवटी जीएचटी असलेले’, ‘क्यूनंतर यू नसलेले’ असे शब्द अर्थ न सांगता मुलांच्या हातात देणं ही निव्वळ पोपटपंची आहे, आणि इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्यावर हे बघून तुम्हाला वाईट वाटलं.

आधी तुमच्या बाजूचं बोलते. स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्द तेवढे पाठ केले होते. त्यांच्या स्मरणशक्तीला माझा दंडवत, पण सहावीतल्या मुलीने इंग्रजी असं शिकावं असं मलाही वाटत नाही. क्यूच्या यादीत अर्थ द्यायचे माझ्याकडून राहून गेले ही चूकच. काल रात्री बसून ते घातले.

वर्डलबद्दल, म्हणजे लपवलेला पाच अक्षरी शब्द ठरावीक संधींत ओळखायच्या खेळाबद्दल, मात्र तुमचा गैरसमज झालाय. जॉश वॉर्डल यांनी हा खेळ त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात आहेत. पलक यांनी ते चाळून ‘हा मला माहीत आहे, हा नाही’ अशी निवड केली आणि उत्तरांसाठी जेमतेम अडीच हजार ठेवले. पुढे २०२२च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. म्हणजे या खेळाचा पायाच ओळखीचे शब्द हा आहे. कोशातले अडगळीचे शब्द घोकून तिथे फारसं काही हाती लागत नाही.

मग यादी कशाला? परवाचंच सांगते. भाचीबरोबर वर्डलच वहीवर खेळत होते: अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात असून दुसऱ्या जागी असेल तर पिवळं, शब्दात नसेलच तर करडं. मी मनात एक शब्द धरला, शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी सांगून टाकली आणि तीन संधी दिल्या. तिने यादी काढली: फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट. आठ शब्द, संधी तीन. एकेक करून बघायचं म्हटलं तर सगळा नशिबावर हवाला. तिने आठही पहिली अक्षरं एका ओळीत लिहिली, बराच वेळ पेन चावत बसली आणि एकदम म्हणाली, “मावशी, फिल्म्स!” एफ, एल, एम, एस एका फटक्यात तपासून झाले. चारही करडे. मग तिने ‘एंटर’ लिहिला. पहिला ई हिरवा आला तर एट, एन पिवळा आला तर नाइट, आर पिवळा आला तर राइट, यातलं काहीच नाही तर टाइट. मी एनवर पिवळं स्केचपेन फिरवलं आणि ती खुर्चीवरून उठलीच.

आणि मग तिने विचारलं, “पण हे जीएच बोलतच नाहीत, तर लिहितात कशाला?”

सर, हा प्रश्न यादीने विचारायला लावला. तीच मुकी जोडी आठ वेळा एकाखाली एक दिसली म्हणून. मी तिला सांगितलं, की ती जोडी एके काळी बोलायची, घशातून घासून येणाऱ्या ‘ख’सारखी. जर्मनमध्ये रात्रीला आजही ‘नाख्ट’ म्हणतात, आठला ‘आख्ट’. इंग्रजांच्या जिभेवरून तो आवाज गेला, कागदावर राहिला. संस्कृतातला ‘नक्त’ याच घराण्यातला. माझी आजी नक्त करायची, दिवसभर उपास आणि रात्री जेवण. भाचीने वहीत नक्त, नाख्ट, नाइट असं एकाखाली एक लिहून ठेवलंय.

आम्ही पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी बघितलं. ‘एन आय जी एच टी नाइट, नाइट म्हणजे रात्र’ असं हेल काढून म्हणायचो. अर्थ होता की त्यात! तरी पोपटपंची तीच होती. जीएच का, असं विचारण्याची सोय नव्हती. विचारलं की हातावर पट्टी.

राहिला क्यू. ‘असले शब्द आमच्या मुलांना आयुष्यात कुठे भेटणार?’ असं तुम्ही लिहिलंय. फकीर, बुरखा, तलाक हे त्यांना कधीच भेटलेत, सर. अरबीतला पडजिभेजवळून येणारा ‘क’ इंग्रजीत लिहिताना क्यू वापरतात, म्हणून त्याच्यामागे यू येत नाही. फकीर ‘के’ घालूनही लिहितात, पण स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांत क्यू एकच, त्याचे गुण दहा, आणि हातात यू नसला की हाच फकीर उपयोगी पडतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. मुलं वर्षानुवर्षं जी स्पेलिंगं हमखास चुकवत आली, ती तुम्हाला तोंडपाठ असतील. पाच अक्षरी तेवढी मला लिहून पाठवाल का? पुढची यादी त्यांचीच करते, या वेळी अर्थांसकट.